साळुंखेकाकांची ओट्सची बरणी

आमच्या काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये लोकांनी न नेलेले रिपोर्ट पडलेले असतात. माणसं उपाशीपोटी येतात, घाबरत घाबरत रक्त देतात, आणि मग रिपोर्ट न्यायला फिरकतच नाहीत! दर दिवाळीला तो ड्रॉवर आवरायचं मी ठरवते आणि दर दिवाळीला तो आणखी घट्ट बसतो. किश्श्यांचंही तसंच होतं. कोणी मागायला येत नाही आणि टाकूनही देववत नाहीत. परवा शाळेच्या मैत्रिणी जमलो होतो, तर एक जण म्हणाली, "तुझं काय बाई, रोज नुसतं रक्त!" म्हटलं, रक्ताचं राहू दे. ओट्सचं सांगते, बसा.

तर आमचं कलेक्शन सेंटर स्वारगेटच्या मागच्या गल्लीत. सकाळी साडेसहाला उघडतं. माणसं चारच. डॉक्टर मॅडम, म्हणजे मालकीणबाई. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की पुरे होतं. साळुंखेकाका रक्त घेतात. खडकीहून बसने येतात आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाही उशिरा आलेले नाहीत. पूजा नवी टेक्निशियन, वर्ध्याची. आणि काउंटरवर मी, रानडेबाई. माझं काम दिवसभर एकच प्रश्न विचारायचा, "उपाशी आहात ना?"

काकांचा हात असा हलका की टोचून झाल्यावर लोक विचारतात, "कधी टोचणार?" आणि प्रत्येकाला त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "मुंगी चावेल, बस्स."

* * *

सुरुवात माझ्या पोह्यांपासून झाली, हे कबूल करते.

आम्ही सहाला घरून निघणार, मग नाश्ता सेंटरवरच. मागच्या खोलीत छोटी शेगडी होती. नऊच्या सुमारास मी पोह्यांना फोडणी द्यायचे आणि काका समोरच्या हॉटेलातून मिसळ मागवायचे, तर्री वेगळी. बाहेर बाकावर वीस-पंचवीस माणसं रात्रीपासून उपाशी बसलेली असायची, हा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता!

एके दिवशी एक आजोबा काठी टेकत थेट मागच्या खोलीच्या दारात आले. कढईत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाई, रक्त काढताय की सूड उगवताय?"

मॅडमनी ते आतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेगडी गेली. हुकूम निघाला, की इथे यापुढे वास येणार नाही असंच खायचं. पुण्यात वास न येणारा नाश्ता कुठला? मी दोन दिवस बिस्किटं खाल्ली आणि पेशंटवर खेकसले.

* * *

तिसऱ्या दिवशी पूजाने पर्समधून काचेची बरणी काढली. आत काहीतरी पांढरं, दाट, थंडगार.

"ओट्स आहेत, ताई. रात्री बरणीत चार चमचे ओट्स टाकायचे, वर दूध, दोन चमचे दही, थोडा सब्जा. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि झोपायचं. सकाळी तयार!"

झोपणं ही ज्याच्या कृतीतली एक पायरी आहे, असा पदार्थ मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

काका बरणी उजेडात धरून बघत होते, नमुना तपासतात तशी.

"शिजवायचं नाही?"

"नाही नं, काका."

"तापवायचं पण नाही?"

"नाही."

"मग ह्याला नाश्ता का म्हणायचं? आमच्याकडे ह्याला रात्री घासायचं राहिलेलं भांडं म्हणतात!"

पूजा बिचारी हसली. मी मात्र चमचाभर खाऊन बघितलं. वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं. पण वास येत नव्हता, आणि आमच्याकडे सध्या तोच गुण बघत होते. मी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. काका नाही. ते जिना उतरून समोर जायचे आणि मिसळ खाऊन, मिशी पुसून परत यायचे.

* * *

आता काकांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

दरवर्षी आमच्या स्टाफचं चेकअप होतं. काका आमचं सगळ्यांचं रक्त घेतात आणि स्वतःची वेळ आली की म्हणतात, "माझं उद्या." हे 'उद्या' अठ्ठावीस वर्षं चाललं होतं! या वर्षी मॅडमनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "साळुंखे, बसा."

काका बसले. पूजाने हाताला पट्टा बांधला. म्हणाली, "काका, मुंगी चावेल, बस्स." काकांनी मान हलवली आणि तसेच डावीकडे कलंडले, थेट माझ्या अंगावर. सुई अजून टोपणातच होती!

बाहेर रांगेतल्या एका बाईंनी हे दारातून बघितलं. पर्स उचलली. "रक्त घेणाराच पडला म्हणजे... मी पुढच्या आठवड्यात येते." त्या आजतागायत आलेल्या नाहीत.

आडव्या पडलेल्या काकांचं रक्त पूजाने घेतलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर निघाली साडेनऊ. आमच्याच इमारतीत खाली एक फिजिशियन बसतात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सरळ सांगितलं, "खाणं सुधारा, चालायला लागा. तीन महिन्यांनी परत तपासू. आकडा सातच्या आत आला नाही तर इन्सुलिन."

"म्हणजे इंजेक्शन?"

"रोज. स्वतःचं स्वतः."

काका वर आले ते पांढरेफटक. मला हसू आवरेना. म्हटलं, अख्ख्या स्वारगेटला टोचणारा माणूस आणि सुईला घाबरतो! पण काका हसले नाहीत. म्हणाले, "बाई, आमचे वडील घ्यायचे. खडकीच्या क्वार्टर्समध्ये एकच खोली, सगळं समोरच व्हायचं. रोज सकाळी पोटावर. निळे डाग पडलेले असायचे. तेव्हा सुया पण जाड असायच्या. मी तोंड भिंतीकडे करून झोपल्याचं सोंग करायचो. मला दुसऱ्याला टोचता येतं. मला ते होणार नाही हो."

 खरं सांगायचं तर लाजच वाटली मला.

 मॅडम काकांना घेऊन जिना उतरून समोरच्या हॉटेलात गेल्या आणि मालकाला काकांकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यांना तीन महिने काही द्यायचं नाही. चहासुद्धा." मालकाने मुकाट मान डोलावली. मॅडमना नाही म्हणणारा माणूस या गल्लीत अजून राहायला आलेला नाही.

* * *

मग काकांनी ओट्स घेतले. म्हणजे घरी काकूंना सांगितलं, "ओट्स रात्री भिजत घाल."

आता पन्नाशी उलटलेल्या मराठी बाईला 'रात्री भिजत घाल' म्हटल्यावर पुढचं काही सांगावं लागतं का? काकूंनी रात्री पाण्यात भिजत घातले. सकाळी पाणी काढून टाकलं, फडक्यात घट्ट गाठोडं बांधलं आणि डब्यात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं. परत बांधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सेंटरवर फोन.

"रानडेबाई, ह्याला मोड कधी येतात हो? मटकीला एव्हाना शेपट्या आल्या असत्या!"

मी रांग थांबवून पूजाच्या हातात फोन दिला. पूजा पाच मिनिटं समजावत होती. शेवटी काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. "मोड येत नाहीत, शिजवायचं नाही, फोडणी नाही, मीठ नाही. मग मी ह्यात करायचं काय?"

"काहीच नाही करायचं, काकू!"

"मग मला कशाला सांगितलं? त्यांचं त्यांनी करावं की!"

आणि खरंच, त्या दिवसापासून काका स्वतः ओट्स भिजवायला लागले. छप्पन्नाव्या वर्षी स्वयंपाकघरात पहिलं पाऊल. दोन बरण्या आणल्या, एक आणायची, एक घरी न्यायची, आलटून पालटून.

* * *

हे ओट्सचं वारं एव्हाना पेशंटपर्यंत पोचलं होतं. पूजा प्रत्येकाला कृती सांगायची. त्याचा परिणाम एका सकाळी काउंटरवर उभा राहिला. निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.

"उपाशी आहात ना?"

"कडकडीत."

"काहीच नाही खाल्लं?"

"काही नाही. फक्त वाटीभर ओट्स."

"अहो सर, मग उपाशी कसे?"

"शिजवलेले नाहीत ते. न शिजवलेलं म्हणजे कच्चं. कच्चं म्हणजे फळासारखंच. आणि फळं उपासाला चालतात. आपण तर्काने चला ना!"

म्हटलं, "सर, देवाला चालतं. मशीनला चालत नाही."

ते फाइल घेऊन जिना उतरले. खालून आवाज आला, "मशीन कोणी बनवलं ते विचारा!" अजून मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

* * *

माझ्या हातून झालेली चूकही सांगून टाकते. नाहीतर पूजा सांगेलच.

लॅबमध्ये वीस वर्षं काढली की माणसाला लेबल लावायची खोड लागते. माझ्या घरी गोडा मसाल्याच्या डब्यावरसुद्धा तारीख आणि वेळ आहे. मॅडमनी आमच्या नाश्त्यासाठी वेगळा छोटा फ्रिज दिला होता. तिघांच्या बरण्या सारख्याच, तर अदलाबदल नको म्हणून मी हाताला येतील ते स्टिकर लावले. नाव, वय, लिंग. काकांच्या दोन्ही बरण्यांवर 'साळुंखे, पुरुष, ५६'.

काही टेस्ट आमच्याकडे होत नाहीत. ते नमुने दहा वाजता बर्फाच्या पेटीतून मोठ्या लॅबला जातात, आणि पेटी भरायचं काम माझं. त्या दिवशी सोमवारची गर्दी. काकांची बरणी मीच फ्रिजमधून टेबलावर काढली होती की काय झालं, देव जाणे. साडेअकराला मोठ्या लॅबमधून फोन.

"मॅडम, साळुंखे, पुरुष, छप्पन्न. नमुना मिळाला. पण फार घट्ट आहे. कशाचा आहे? फॉर्मवर लिहिलेलं नाही."

 म्हटलं, "नाश्ता आहे तो."

पलीकडे बरणीचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"नाश्ता आमच्या लिस्टमध्ये नाही, मॅडम. आणि रंग बघून आम्ही काय समजलो होतो ते सांगत नाही."

संध्याकाळी बरणी परत आली, सोबत रीतसर छापील चिठ्ठी. 'नमुना अयोग्य. रुग्णास पुन्हा बोलवावे.' मॅडमनी मला जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. चिठ्ठी पूजाने फ्रिजवर चिकटवली, ती अजून आहे.

पण त्या दिवशी मला नवल वाटलं ते काकांचं. बरणी गेली म्हटल्यावर ते इतके अस्वस्थ झाले की काय सांगू! आत-बाहेर, आत-बाहेर. म्हटलं, "काका, एक दिवस ओट्स नाही खाल्ले तर काय होतंय?"

"तुम्हाला नाही कळायचं, बाई. कोणी वाट बघत असतं."

मला वाटलं, शरीराबद्दल बोलताहेत. माणूस इतका बदलतो? मला भरूनच आलं.

* * *

बदलले होतेच. सेंटरची स्कूटर असूनही होम व्हिजिटला, म्हणजे घरोघरी रक्त घ्यायला, चालत जायला लागले. दहाला बॅग आणि बरणी घेऊन निघायचे, साडेअकराला घामाघूम होऊन यायचे. "इथे सगळ्यांसमोर खायला नको वाटतं, वाटेत खातो." शर्ट ढगळ झाला. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. काकूंचा फोन आला, "अहो, ते आता लिफ्ट असली तरी जिन्यानेच चढतात. बरं आहे ना सगळं?"

आणि ओट्सच्या बाबतीत तर काय काळजी! पूजाला रोज नवीन प्रश्न. "बदाम घातले तर चालतील का? पण बारीक पूड करून हं. चावायला त्रास होतो."

"काका, तुमचे तर सगळे दात मजबूत आहेत नं!"

"असू देत. पूडच बरी."

मॅडमनी एकदा दारात उभं राहून हे ऐकलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान म्हणजे भुवया नेहमीच्या जागी असतात.

* * *

तीन महिने झाले. तो दिवस उजाडला.

काका साडेसहालाच आले, उपाशी. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "उपाशी आहात ना?" त्यांनी नुसती मान हलवली.  खुर्चीत बसले, माझा हात धरला. अहो, बोटं मोडतात की काय असं वाटलं मला.

पूजाने पट्टा बांधला. "काका, मुंगी चावेल..."

"पूजा, ते नको. ते माझं वाक्य आहे."

टोचलं. काका कलंडले नाहीत. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम. झालं म्हटल्यावर एक डोळा उघडला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "रानडेबाई, अठ्ठावीस वर्षं मी लोकांशी खोटं बोलत आलो हो!"

त्या दिवसापासून त्यांनी वाक्य बदललं. आता सांगतात, "थोडं दुखेल. मलाही दुखतं." आणि गंमत म्हणजे लोक आता कमी घाबरतात.

दुपारी रिपोर्ट आला. सहा पूर्णांक आठ! मॅडमनी दोनदा वाचला, खालच्या फिजिशियनना फोन केला, मग बाहेर आल्या. "इन्सुलिन नको म्हणाले." काका मटकन खाली बसले आणि रडले. पूजा रडली. मी काउंटरवर होते म्हणून रडले नाही, पण पुढच्या पेशंटला उपाशी आहात का हे विचारायचं विसरले.

मॅडमनी ओट्सची कृती मोठ्या अक्षरात छापून घेतली आणि बाकासमोरच्या भिंतीवर लावली. खाली लिहिलं, 'आमच्या स्टाफचा अनुभव.' नंतर म्हणाल्या, "साळुंखे, उद्या एक दिवस सूट. मिसळ माझ्याकडून."

* * *

दुसऱ्या दिवशी गुरुवार, समोरचं हॉटेल बंद. मॅडम म्हणाल्या, "मार्केट यार्डात एक चांगली मिळते म्हणतात. हमाल मंडळी खातात."

"तिथे नको, मॅडम," काका म्हणाले. "फार लांब आहे."

"रिक्षाने जाऊ."

"गर्दी असते."

"असू दे की."

"तिखट असते हो."

"तुम्हाला कसं माहीत?"

काका रिक्षा बघायला पुढे झाले. चौघं एका रिक्षात दाटीवाटीने बसलो, काका पुढे ड्रायव्हरशेजारी, मान खाली.

हॉटेल म्हणजे चार बाकं, पोत्यांच्या थप्पीला लागून. आम्ही आत पाय टाकतोय तोच गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला.

"या काका! आज रिक्षानं? रोज तर घाम पुसत चालत येता! बसा, बसा. नेहमीची काढतो."

आम्ही तिघींनी काकांकडे बघितलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आणि बरणी कुठंय? आई केव्हाची वाट बघतीय."

तेवढ्यात आतल्या पडद्यामागून एक आजी आल्या. तोंडात एकही दात नाही. हातात कालची बरणी, लख्ख धुतलेली. वर माझ्या अक्षरात, 'साळुंखे, पुरुष, ५६'.

"काल जरा घट्ट झालं हुतं रं बाबा," त्या म्हणाल्या. "दूध वाढीव. बदामाची पूड बरी हाय."

मालकाने मॅडमना हात जोडले. "तुम्ही काकांच्या डॉक्टर का? लई उपकार झाले, मॅडम. आई काही खायचीच नाही. काकांनी हे चालू केलं आणि तीन महिन्यांत तिची शुगर निम्म्यावर आली बघा! देवमाणूस आहेत. मी पण मग त्यांच्याकडून मिसळीचे पैसे घेत नाही."

चार मिसळी आल्या.  पूजा खाली मान घालून हसू दाबत होती, तिचे खांदे तेवढे हलत होते. मी मॅडमच्या भुवयांकडे बघायचं धाडस केलं नाही.

मॅडमनी एक घास खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, रुमालाने टिपलं. दुसरा घास खाल्ला. मग सावकाश चमचा खाली ठेवला.

"साळुंखे."

"मॅडम."

"परत जाताना तुम्ही रिक्षात बसायचं नाही."